गॅस गळत नव्हता: नागपुरातल्या एका घरातलं गीझरचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा रोडच्या आतल्या बाजूला चार मजल्यांची एक अपार्टमेंट आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चार माणसं राहतात: आजी, वडील, आई आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. मोठी मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी असते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नाती तेवढी ठेवली, कारण कोणी कोणाचं ऐकलं आणि कोणाचं ऐकलं नाही, हे त्यांच्याशिवाय समजणार नाही. मी बरीच वर्षं औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर काम केलं आहे, म्हणून एका रविवारी आजींना बाथरूममधून उचलून आणावं लागल्यावर सोसायटीच्या कमिटीनं त्याची तपासणी माझ्याकडे दिली.

स्वयंपाकघराच्या मागे धुण्याभांड्याची गॅलरी आहे, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब. तिच्या भिंतीवर मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गीझर आणि खाली त्याचं वेगळं सिलिंडर. बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी याच गॅलरीत उघडते. गीझर बसवला तेव्हा गॅलरीला नुसतं लोखंडी ग्रिल होतं, म्हणजे गीझर जवळपास उघड्यावरच होता. बसवणाऱ्यानं काम नीट केलं होतं.

पुढे कबुतरांचा उच्छाद सुरू झाला. वाळत घातलेले कपडे, सिलिंडर, वॉशिंग मशीन, सगळ्यावर घाण. शेवटी ग्रिलच्या आतून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून घेतल्या. फॅब्रिकेशनवाल्यानं गीझरकडे बघून एवढंच विचारलं, "याले हलवायचं नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यानं माप घेतलं. गीझर तिथेच राहिला, फक्त त्याची उघडी जागा बंद खोली झाली. त्या दिवशी हे कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं, कारण उन्हाळा होता.

नागपूरच्या घरांचं वर्ष दोन भागांत जातं. उन्हाळ्यात हॉलच्या खिडकीतला कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो आणि तिला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून मागची दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात. नाहीतर घरात दमट कोंडतं. शिवाय मे महिन्यात गीझर लावतो कोण? थंडीत सगळं उलटं. कूलर काढून ठेवायला जागा नसते, म्हणून त्याला ताडपत्री गुंडाळून तो खिडकीतच राहतो आणि ती खिडकी बुजते. मागची सरकती खिडकी गारठ्यामुळे लावलेली. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एवढी थंडी दरवर्षी नसते, पण किमान तापमान एक आकडी झालं की खिडकी उघडी ठेवा असं इथं कोणाला पटवून दाखवावं!

शेगडी पुण्याहून आली

दिवाळीच्या सुमारास मोठ्या मुलीची पुण्याहून बंगळूरला बदली झाली. तिचं सामान टेम्पोनं नागपूरला आलं आणि त्यात काचेची, तीन बर्नरची, जवळपास नवी शेगडी होती. घरातली जुनी शेगडी गंजलेली होती, म्हणून ती काढून ही लावली.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिच्याकडे पाइपचा गॅस होता. जोडणी देताना तिथल्या माणसानं शेगडीचे जेट बदलून दिले होते. ही गोष्ट मुलीलाही आठवत नव्हती, आणि आठवली असती तरी त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नसतं.

जेट म्हणजे बर्नरच्या मुळाशी असलेलं बारीक छिद्राचं पितळी बोंड. पाइपनं येणारा नैसर्गिक गॅस मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, त्याच आकारमानात सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी उष्णता देणारा, आणि घरात शेगडीपर्यंत साधारण २१ मिलिबार दाबानं पोचणारा. सिलिंडरचा गॅस प्रोपेन-ब्युटेनचा, हवेपेक्षा जड, आणि घरगुती रेग्युलेटर तो ३० मिलिबारच्या आसपास देतो. म्हणून नैसर्गिक गॅसच्या जेटचं छिद्र मोठं ठेवावं लागतं. त्याच मोठ्या छिद्रातून सिलिंडरचा गॅस सोडला तर बर्नरला ठरलेल्यापेक्षा जवळपास दुप्पट उष्णतेचा गॅस मिळतो. हवा मात्र बर्नर पूर्वीएवढीच ओढतो. मग ज्योत पिवळी होते, लांबते, भांड्यांची बुडं काळी पडतात.

नेमकं तेच झालं. आई पातेली घासून घासून कंटाळली. मेकॅनिकनं बर्नर उघडून साफ केले, काही दिवस फरक वाटला, पुन्हा काळं. "या खेपेचा सिलिंडरच खराब दिसतो," असं ठरलं. काजळीचा आणि जळका वास जावा म्हणून आई चिमणी पहाटेपासून मोठ्या वेगावर चालू ठेवू लागली. पुढे जे झालं त्यात या चिमणीचा वाटा मोठा आहे. मला तपासणीपूर्वी तो निम्माही वाटला नव्हता.

अडचण

डिसेंबरच्या मध्यापासून आईचं डोकं सकाळी दुखू लागलं. "भणभण करून राहिलं नुसतं," असं ती म्हणायची. सोबत मळमळ. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आजींना उठल्यावर चक्कर यायची. त्यांचं वय आणि रक्तदाबाची जुनी गोळी पाहून गोळीचा डोस बदलला. मुलगा आंघोळ करून आला की सोफ्यावर पडून राहायचा, तर वडिलांना वाटायचं मोबाइलवर जागरण करतो. वडील सगळ्यांत आधी आंघोळ उरकून सातच्या आत घराबाहेर पडत. त्यांना काहीच होत नव्हतं आणि म्हणून बाकीच्यांच्या तक्रारी त्यांना जरा नाटकी वाटत होत्या.

एका घरातल्या तीन माणसांची तीन वेगळी निदानं झाली, आणि तिन्ही आपापल्या जागी पटण्यासारखी होती. ती एकत्र ठेवून कोणी पाहिली नाहीत. मधे एका लग्नासाठी सगळे अमरावतीला जाऊन आले. तिथे कोणाचं डोकं दुखलं नाही. आईला हे जाणवलं, पण तिनं त्याचं कारण हवापालट असं लावलं.

गॅसचा संशय आला नाही असं नाही. काळी भांडी आणि डोकेदुखी यामुळे आईनंच एजन्सीला फोन केला. मेकॅनिक आला. त्यानं दोन्ही सिलिंडरची तोंडं, रेग्युलेटर, नळीचे जोड यांना साबणाचं पाणी लावलं, नळीवरची तारीख बघितली. कुठेही बुडबुडा नाही. "लीकेज नाही काकू, बिनधास्त वापरा." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. गॅस गळतच नव्हता.

एवढ्यावर विषय मिटला. त्यानंतर घरात कोणी गॅसचं नाव काढलं की उत्तर तयार असे: तपासून झालं आहे.

त्या रविवारी

जानेवारीतला रविवार, कडाक्याची थंडी. रोज आंघोळी विभागलेल्या असत. सुटीमुळे त्या दिवशी लागोपाठ झाल्या. आधी वडील, मग मुलगा, मग आजी. केस धुवायचे म्हणून आजींना नेहमीपेक्षा वेळ लागला. मधे गीझर एकदा आपोआप बंद झाला. या गीझरना सलग वीस मिनिटांनी बंद होण्याची सोय असते; नळ बंद करून पुन्हा सोडला की ते परत पेटतात. आजींनी तेच केलं. स्वयंपाकघरात पोहे होत होते, चिमणी चालू होती.

बादली पडल्याचा आवाज आला. हाकेला ओ नाही. दाराला आतून कडी. मुलानं खांदा मारून कडी उखडली. आजी भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे उघडे, पण विचारलेलं कळत नव्हतं.

त्यांना हॉलमध्ये आणून निजवलं. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर बोटाला लावला. आकडा ९८. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वडिलांनी ठरवलं, साखर नाहीतर बीपी उतरला असेल, लिंबूपाणी देऊ, तासभर पडू दे, मग बघू.

आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या ताई आल्या. त्या परिचारिका आहेत. स्वयंपाकघरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी आईचा चेहरा पाहिला. आई ओट्याला धरून उभी होती. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: अजून कोणाचं डोकं दुखतं? आणि गीझर कुठे आहे? मग शांतपणे सूचना दिल्या. सगळी दारं-खिडक्या उघडा, गीझर आणि शेगडी बंद, सगळ्यांनी जिन्यात या, आजींना खुर्चीत बसवून उचला. आणि वडिलांना सांगितलं, "भाऊजी, दवाखान्यात गेल्याबरोबर डॉक्टरले पहिले हेच सांगा, घरात गॅस गीझर आहे म्हणून. चक्कर आली एवढंच सांगाल तर ते बीपीच शोधत बसतील."

त्या वाक्यामुळे रुग्णालयात रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी झाली. हवा अपुरी पडून गॅस अर्धवट जळला की तयार होणारा हा विषारी वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि किती टक्के हिमोग्लोबिन त्यानं अडवलं हे तपासणीत कळतं. आजींचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर निघालं. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसाचं ते दोन-तीन टक्क्यांच्या पुढे नसतं. आईचंही वाढलेलं होतं. मास्कनं ऑक्सिजन सुरू झाला.

ऑक्सिमीटरबद्दल इथेच सांगतो. तो बोटातून जाणाऱ्या प्रकाशावरून रक्ताचा रंग मोजतो, आणि ऑक्सिजन चिकटलेल्या हिमोग्लोबिनमध्ये आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनमध्ये त्याला फरक करता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त जोरानं चिकटतो. त्यामुळे शरीर ऑक्सिजनसाठी तडफडत असताना यंत्रावर ९८ दिसू शकतो. साध्या हवेत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा तास. घरी "तासभर पडू दे" म्हणणं किती महागात पडलं असतं, त्याचा अंदाज यावरून येतो.

काय सापडलं

प्रयोग बिनधोक व्हावा म्हणून तो आम्ही रिकाम्या घरात केला. माझ्याकडे उद्योगांत वापरतात तसा हातात धरायचा वायुमापक होता. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे ३५ भाग झाले की तो ओरडतो.

गॅलरीची खिडकी लावून, चिमणी बंद ठेवून गीझर पेटवला. सुरुवातीची काही मिनिटं आकडा जवळजवळ शून्य होता, ज्योतही निळी. मग ज्योतीची टोकं हलकी पिवळी झाली आणि बाथरूमच्या काचपट्ट्यांपाशी आकडा चढू लागला, तो शंभरच्या पुढे गेल्यावर आम्ही गीझर बंद केला. पुन्हा सगळं मोकळं करून दुसऱ्यांदा चिमणी चालू ठेवून तेच केलं. या वेळी बाथरूमचा आकडा थोडा कमी राहिला आणि स्वयंपाकघरातला झपाट्यानं वाढला. हॉलची खिडकी ताडपत्रीनं बुजलेली, पुढचं दार बंद. चिमणी तासाला शेकडो घनमीटर हवा बाहेर फेकते, ती कुठून तरी आत आलीच पाहिजे. ती गॅलरीच्या दारातून, गीझरचा धूर सोबत घेऊन येत होती. आईच्या डोकेदुखीचं कोडं तिथे सुटलं. जी काजळी घालवायला तिनं चिमणी लावली, त्याच चिमणीनं तिच्याकडे विष ओढून आणलं.

तिसऱ्यांदा गॅलरीची एक खिडकी पूर्ण उघडी ठेवली. आकडा दोन अंकी झालाच नाही.

हिशेब साधा आहे. असा गीझर पूर्ण आचेवर तासाला एक किलोच्या आसपास गॅस जाळतो. घरच्या शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम मोठे केल्यासारखं ते आहे. एक किलो सिलिंडरचा गॅस नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. तीन माणसांच्या आंघोळीला पाऊण तास धरला तर नऊ घनमीटर. बंद गॅलरीत हवा मावते आठ घनमीटर. शिवाय गीझर आपलाच धूर पुन्हा ओढत असतो, त्यामुळे ज्योत बिघडायला एवढाही वेळ लागत नाही. रोज विभागून आंघोळी होत तेव्हा मधे हवा थोडी बदलायची आणि त्रास डोकेदुखीवर थांबायचा. रविवारी ती मधली विश्रांती मिळाली नाही.

शेगडीचा वाटा वेगळा मोजला. तिचे जेट बघताच ते नैसर्गिक गॅसचे असल्याचं मेकॅनिकनं ओळखलं. हा मेकॅनिक दुसरा. पहिल्याला जेट बघायला कोणी सांगितलंच नव्हतं. एकट्या शेगडीनं स्वयंपाकघरात आकडा थोडाच हलला. घातक मुख्यतः गीझर होता. पण शेगडीनं चिमणी लावायला भाग पाडलं आणि संशय सिलिंडरकडे वळवला.

पर्याय

घरात यावर बरीच भांडणं झाली आणि मला ती ऐकायला मिळाली.

वडिलांचं म्हणणं, गीझर चांगला चालतो, खिडकी उघडी ठेवू. स्वस्तातला उपाय हाच, आणि प्रयोगात तो चाललाही होता. माझा विरोध एवढ्यासाठी होता की सुरक्षितता रोज पहाटे कोणाच्या तरी आठवणीवर टांगलेली राहते, आणि ज्या दिवशी थंडी सगळ्यांत जास्त त्याच दिवशी खिडकी लावायचा मोह सगळ्यांत जास्त.

मुलानं धूर बाहेर नेणारा पाइप लावता येईल का विचारलं. त्यांच्या गीझरला असा पाइप जोडायची जागाच नव्हती. वरच्या जाळीतून धूर मोकळा सोडणारा प्रकार तो. हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारे बंदिस्त गीझर असतात, पण त्यांची किंमत आणि दुरुस्ती या घराच्या आवाक्यात नव्हती. ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद होणारा सेन्सर असलेला नवा गीझर घ्यावा, असंही निघालं. सेन्सर असणं चांगलंच, पण कोंडलेल्या जागेला तो परवाना ठरत नाही.

गच्चीवर सोलर बसवायचं तर सोसायटीची परवानगी, पाइप तीन मजले खाली आणणं, ढगाळ दिवसांचा प्रश्न. तो विषय पुढच्या वर्षावर गेला.

मोठ्या मुलीनं बंगळूरहून फोनवर आग्रह धरला: "पाइप गॅस येईल तेव्हा घ्या बाबा. पुण्यात आम्हाला कधी काही झालं नाही." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असल्यानं गळाला तर वर जाऊन झरोक्यातून निघून जाऊ शकतो. सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो. हवेत पेट घ्यायलाही नैसर्गिक गॅस साधारण पाच टक्के लागतो, सिलिंडरच्या गॅसला दोन टक्के पुरतात. घरात भरलेली टाकीही नसते. पण हे सगळे फायदे गळतीच्या धोक्यातले आहेत आणि या घरात गळती नव्हती. एक घनमीटर मिथेन जाळायला साडेनऊ घनमीटर हवा लागते. तेवढ्याच पाण्याला तेवढीच उष्णता द्यायची तर दोन्ही गॅसना हवा जवळपास सारखीच लागते. त्याच बंद गॅलरीत नैसर्गिक गॅसवरच्या गीझरनंही हेच केलं असतं. आणि दोन्ही गॅसना गळती कळावी म्हणून उग्र वास मिसळलेला असतो. तो वास ज्योतीत जळून जातो. मागे उरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपलं नाक फक्त न जळलेल्या गॅसची खबर देतं.

मुलीला हे पटलं, पण तिला सगळ्यांत जास्त लागलं ते शेगडीचं. "मी पाठवली म्हणून," असं ती म्हणत राहिली. आजींनी फोन हातात घेऊन तिला गप्प केलं.

उरला विजेचा गीझर. त्याचा धोका वेगळा: शॉक. बाथरूमच्या जुन्या वायरिंगला नीट अर्थिंग नव्हतं.

काय केलं

गॅस गीझर काढला. पंधरा लिटरचा विजेचा साठवणीचा गीझर घेतला. त्यासाठी मीटरपासून वेगळी वायर, १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच बसवून घेतला. इलेक्ट्रिशियनचं बिल गीझरच्या किमतीच्या जवळ गेलं आणि वडील त्यावर अजून बोलतात.

शेगडीला सिलिंडरच्या गॅसचे जेट घातले. त्याच संध्याकाळी ज्योत निळी झाली, पातेली काळी होणं थांबलं. जुने जेट मुलानं पिशवीत घालून, वर चिठ्ठी लिहून ठेवले. इमारतीत पाइप गॅस आला की शेगडी पुन्हा बदलावी लागेल. बदलली नाही तर तेव्हा उलटा प्रकार होईल, बारीक छिद्रातून मिणमिणती ज्योत येईल.

गॅलरीच्या एका सरकत्या तावदानाच्या जागी कायमची जाळी बसवली. कबुतरांना आत येता येत नाही, हवा येते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यायचा ठरला तेव्हा एक घोळ झाला. दुकानदारानं "गॅस डिटेक्टर" म्हणून जो दिला तो सिलिंडरच्या गॅसची गळती ओळखणारा निघाला. तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावतात. नैसर्गिक गॅसचा छताजवळ लावतात. आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतक्याच वजनाचा असल्यानं त्याचा अलार्म कंपनीनं सांगितलेल्या जागी, बहुधा श्वासाच्या उंचीला. तिघांचे सेन्सर वेगळे, एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. शेवटी ऑनलाइन मागवला.

परिणाम

आजी दुसऱ्या दिवशी घरी आल्या. या विषबाधेनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणं असे त्रास उपटू शकतात, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. तसं काही आढळलं नाही. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस पूर्ववत झाला. आईची डोकेदुखी आठवड्याच्या आत गेली. पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट अर्धं भरलेलं तसंच राहिलं.

काढलेल्या गीझरचं काय करायचं हा प्रश्न मात्र मला वाटला त्याहून अवघड निघाला. चालू वस्तू, म्हणून वडिलांना तो घरकाम करणाऱ्या मावशींना द्यायचा होता. मावशी एका खोलीत राहतात, मोरी आतच. आईनं ठाम नकार दिला आणि तो भंगारात गेला. या सगळ्या प्रकरणातला तिचा हा निर्णय मला सगळ्यांत चोख वाटतो.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली जागा म्हणजे गॅलरी बंद केली तो दिवस. गीझर बसवताना तपासणी होते, गॅलरी बंद करताना होत नाही. खरं तर जागा बदलली की उपकरण नव्यानं बसवल्यासारखंच धरायला हवं. हे फॅब्रिकेशनवाल्यानं ओळखावं अशी अपेक्षा करणं मला जरा जास्त वाटतं. घरमालकाला आणि परवानगी देणाऱ्या सोसायटीला ते विचारता आलं असतं. सोसायटीनं अर्जावर फक्त इमारतीचं बाहेरून दिसणं बिघडणार नाही ना, एवढंच पाहिलं होतं.

दुसरी जागा, काळी भांडी. पिवळी ज्योत आणि काजळी ही जळण बिघडल्याची सूचना आहे, मग ती जेटमुळे असो, तुंबलेल्या बर्नरमुळे असो की हवा अपुरी पडल्यानं. बर्नर साफ करूनही काजळी परत आली तेव्हा "ही शेगडी आधी कोणत्या गॅसवर होती?" हा प्रश्न विचारायला हवा होता. पुण्या-मुंबईहून सामान घेऊन विदर्भात परतणाऱ्या प्रत्येक घराला हा प्रश्न लागू आहे.

मेकॅनिकच्या भेटीचं मला सगळ्यांत वाईट वाटतं, कारण तिथे सगळ्यांनी आपलं काम केलं होतं. आईनं बोलावलं, तो आला, त्यानं नियमाप्रमाणे तपासलं. पण त्याला "गळती बघा" सांगितलं होतं. "आम्हाला सकाळीच आणि घरातच त्रास होतो," हे सांगितलं असतं तर कदाचित त्यानं गीझर चालू करून ज्योत पाहिली असती. कदाचित नसतीही. डॉक्टरांच्या बाबतीतही तेच. त्रास घराबाहेर गेल्यावर कमी होतो का, आणि घरात अजून कोणाला होतो का, हे दोन प्रश्न डिसेंबरातच पुरेसे होते. अमरावतीच्या लग्नानं उत्तर देऊनही टाकलं होतं.

रविवारी घरच्यांनी आजींना लगेच बाहेर काढलं हे बरोबर, पण हॉल म्हणजे बाहेर नव्हे. हॉलची खिडकी बुजलेली होती, तिथे ताजी हवा येत नव्हती. जिन्यात किंवा उघड्या खिडकीशी न्यायला हवं होतं आणि आईलाही सोबत. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल असं लॅच बसवलं आहे. ते वृद्ध माणूस असलेल्या घरात गीझर नसतानाही असावं.

सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी सगळ्याच गॅस गीझरवर बंदी आणायचा ठराव मांडला. तो पडला, आणि मीही विरोधात मत दिलं. ज्यांची गॅलरी उघडी आहे, त्यांचा गीझर बंद करायला लावण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी गॅलरी बंद करायच्या अर्जात गीझर कुठे आहे हे दाखवणं सक्तीचं केलं, आणि ज्या घरांत बंद गॅलरीत गीझर आहे त्यांना एक तावदान काढायला सांगितलं. बहुतेकांनी काढलं. भाड्यानं दिलेल्या दोन फ्लॅटचे मालक बाहेरगावी आहेत, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान त्यातल्या एका भाडेकरूनं खिडकीच्या रुळात वीतभर लाकडी ठोकळा ठोकून ठेवला आहे, म्हणजे कोणीही ओढली तरी ती पूर्ण लागत नाही. दुसऱ्यानं आंघोळीपूर्वी खिडकी उघडू असं तोंडी सांगितलं आहे. थंडी सुरू व्हायच्या आत त्याच्याकडेही ठोकळा बसवून घ्यायचा असं कमिटीत ठरलं.